शेपटीचा पी

मायाला एक रात्र आज्जीकडे, ठाण्याला कोपरीत ठेवायची कल्पना प्रेमची. "शुक्रवारी मी सोडतो, शनिवारी आई तिला घेऊन येईल. एकटी. मग तू ठरव," तो म्हणाला.

ठरवायचं काय ते घरात सगळ्यांना माहीत होतं. सोमवारपासून मी पुन्हा नोकरीवर जाणार होते, मायाच्या जन्मानंतर पहिल्यांदाच. साडेतीन वर्षांची माया दिवसभर आज्जीजवळ राहील की पाळणाघरात, एवढाच प्रश्न. आज्जीजवळ म्हणजे सासूबाई कोपरीची खोली बंद करून आमच्याकडे डोंबिवलीला, मानपाड्याला येणार. प्रेमच्या मते यात प्रश्नच नव्हता. माझ्या मते होता.

आईंबद्दल, म्हणजे सासूबाईंबद्दल, माझी तक्रार नव्हती. त्यांच्या पद्धतीची भीती वाटायची. त्या रस्त्यात कुणाशीही बोलतात. मायाला चहात बुडवून बिस्किट देतात. "पोरं पडतात, उठतात," म्हणतात. आणि मी अशी, की सकाळी उठल्यावर आधी खिडकी उघडत नाही, फोन उघडते. नकाशावर हवेचे रंग दिसतात हल्ली. आमच्या बाजूच्या कारखान्यांच्या पट्ट्यावर हिरवा रंग असेल तरच खिडकी. मायाला दोनदा दम लागला होता, दोन्ही वेळा माझ्या मांडीवर. ती शिट्टीसारखी छाती एकदा ऐकली की माणूस खिडकीवर विश्वास ठेवत नाही.

आदल्या रविवारी आम्ही कोपरीला गेलेलो. बैठी चाळ, एक खोली, वर पोटमाळा. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली सासऱ्यांचा, देवरामदादांचा, हसरा फोटो. मी आईंचा फोन घेऊन चटईवर बसले. माया पाठीमागून माझ्या वेणीला लटकलेली.

"आता काय नवीन घातलंस त्यात?" आईंनी विचारलं.

"नकाशा. मराठीत बोलतो. उजवीकडे वळा, डावीकडे वळा, सगळं सांगतो."

"ते सांगायला तू आहेस की."

मी त्यांच्यासाठी यादी केली. नुसती नावं नाहीत, प्रत्येक जागेला चित्र लावलं. डॉक्टरांना गोळी, बागेला झाड, घराला घर. चष्मा नसला तरी दाबता आलं पाहिजे. मग ती यादी आणि त्यांचा ठावठिकाणा, दोन्ही माझ्या फोनवरही दिसतील असं करून टाकलं.

"हा निळा ठिपका म्हणजे तुम्ही. तुम्ही कुठंही गेलात तरी मला दिसणार."

"मोरीत गेले तरी?"

"आई!"

"नाही, विचारलेलं बरं." प्रेम पोटमाळ्यावरून फिस्सकन हसला.

त्यांना जरा गोडी लागावी म्हणून मी रस्त्याचे फोटो उघडले. कॅमेऱ्याची गाडी फिरून गेली की नकाशात रस्ता जसाच्या तसा उभा राहतो, बोटानं पुढे पुढे चालता येतं. मी त्यांना त्यांच्याच नाक्यावर नेऊन उभं केलं. आई फोनला नाक लावून बघायला लागल्या.

"अगं, ही भगवानची वखार. हा नळ, आता नाहीये तो. थांब. मागं घे. त्या दारावर काय आहे?"

मी दोन बोटांनी मोठं केलं. निळ्या लाकडी दाराच्या चौकटीवर पांढऱ्या खडूनं इंग्रजी पी काढलेला. पीची खालची दांडी उजवीकडे लांब ओढली गेलेली, शेपटीसारखी.

"माझं अक्षर," आई म्हणाल्या. आणि त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला.

बावीस वर्षं त्या पोलिओच्या डोसला घरोघर फिरल्या. 'पोलिओच्या शालनताई' म्हटलं की कोपरीत आजही लोक घर दाखवतात. हे मला माहीत होतं. पण खडूची भाषा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला की दारावर पी. एक जरी राहिलं, झोपलेलं असेल, मामाकडे गेलेलं असेल, आईनं पलंगाखाली लपवलेलं असेल, तर फुली. आणि बाजूला बाण, आपण पुढं कुठल्या दाराला गेलो त्याचा. मागून मॅडम तपासायला आल्या तर त्यांनी बाणाबाणानं यायचं.

"फुली टाकली की मला जेवण जायचं नाही," आई म्हणाल्या. "संध्याकाळी परत जायचं. पोर मिळालं की फुली पुसायची, पी करायचा."

"आणि ही शेपटी?"

"ती काय मुद्दाम नाही गं. खडू उचलायच्या आधीच पाय पुढच्या दाराकडं निघालेले असायचे."

मायाला ते इतकं आवडलं की तिनं आज्जीच्या पर्समधून खडू काढून कपाटावर पाच-सहा पी मारले. हो, आईंच्या पर्समध्ये अजून खडू असतो. सुपारीची डबी, रेल्वेचा पास, खडू.

यादीत सगळ्यात शेवटी राहिलेलं आमचं घर. आमची बिल्डिंग इतकी नवी, की नकाशावर तिथं अजून मोकळी जमीन होती. म्हणून मी नुसतं 'मानपाडा' लिहिलं, पहिलं आलं ते दाबलं आणि घराचं चित्र लावलं. तेवढ्यात मायानं वेणीला असा हिसडा दिला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मी आईंना नियम सांगितले. दम लागला तर द्यायचा पंप बॅगेच्या निळ्या कप्प्यात. रिक्षावाल्याशी पत्त्यावरून बोलत बसायचं नाही, फोन त्याच्यापुढं लावायचा. मध्ये फोन वाजला तर घ्यायचा नाही, नकाशात गोंधळ होतो. बाई सांगेल तसं जायचं.

"कोण बाई?"

"नकाशातली."

"बरं," आई म्हणाल्या. "बाई सांगेल तसं." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी मायाच्या हातातला खडू काढून घेतला.

*

शनिवारी अकरा वाजता ऑफिसचं ऑनलाइन ट्रेनिंग सुरू झालं. लॅपटॉपवर दर्शना मॅडम नवीन सिस्टिम समजावत होत्या. मी मान हलवत होते आणि फोनवरचा ठिपका बघत होते. अकरा वीसला ठिपका कोपरीतून निघाला. हायवेला लागला. छान. रिक्षा ऐटीत चाललेली. मी मनातल्या मनात मायाला त्या रिक्षात बसवलं, मध्ये, आईंच्या आणि बॅगेच्या मध्ये.

माजिवड्याला रस्ते फुटतात. उजवीकडे वळलं की खारेगाव, मुंब्रा बायपास, शीळफाटा आणि मग आपण. सरळ गेलं की घोडबंदर.

ठिपका सरळ गेला.

मला वाटलं, वळायचं चुकलं असेल, पुढून फिरेल. ठिपका कापूरबावडीही मागे टाकून गेला. मी फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजली. आणि मला आठवलं की मध्ये फोन घ्यायचा नाही, हे मीच सांगितलंय.

मग ठिपका थांबला. त्याच्या खाली बारीक अक्षरात आलं : एक मिनिटापूर्वी. चार मिनिटांपूर्वी. अकरा मिनिटांपूर्वी. परत लावला तेव्हा फोन बंद.

दर्शना मॅडम म्हणत होत्या, "मृणाल, तुम्हाला स्क्रीन दिसतेय ना?" मी म्हटलं, "मॅडम, नेटवर्क," आणि लॅपटॉपच मिटला.

प्रेम तळोज्याला ड्यूटीवर होता. त्याच्यामागे मशिनचा आवाज.

"आई घोडबंदरला आहेत," मी म्हणाले. "फोन बंद आहे."

"घोडबंदरला कशाला जाईल ती?"

"मला काय माहीत! तुझी आई आहे ना? कुणाशी तरी बोलत बसल्या असतील, रिक्षावाल्यानं नेलं असेल कुठंतरी. मी म्हणत होते ना तुला? म्हणत होते ना?"

"मृणू, सगळ्या कोपरीतली लपवलेली पोरं शोधून काढणारी बाई आहे ती. तिच्याकडून पोर हरवेल होय?"

"मग त्या तिथं का आहेत?"

हे विचारताना मी दुसऱ्या हातानं आईंची यादी उघडत होते. घराचं चित्र दाबलं. नकाशा सरकला आणि उत्तरेला जाऊन बसला, थेट त्या थांबलेल्या ठिपक्यावर. चित्राखाली लिहिलेलं होतं : मानपाडा, ठाणे पश्चिम.

मी कोपरीत बसून मानपाडा लिहिलं होतं. कोपरीला जवळचा मानपाडा तो. आमचा नव्हे.

"हॅलो? मृणू?"

"दुसरा मानपाडा," मी म्हणाले.

प्रेमला तेवढं पुरलं. इकडच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. आमची कुरिअर तिकडे जातात, तिकडचे पाहुणे इकडे येतात. पत्ता सांगताना आम्ही सगळे आधी 'डोंबिवलीचा' म्हणतो आणि मग मानपाडा. माझ्या तोंडातून तो 'डोंबिवलीचा' रोज दहा वेळा जातो. बोटातून तेवढा एकदा राहिला.

"बरं, मग होईल काय," तो म्हणाला. "आई रिक्षावाल्याला सांगेल की."

"मी त्यांना सांगितलंय, रिक्षावाल्याशी बोलायचं नाही."

*

दाराला कुलूप लावून मी शीळ रोडच्या नाक्यावर जाऊन उभी राहिले. त्या येणार असतील तर इथूनच येतील, असा हिशेब. ऊन कडक होतं. प्रत्येक रिक्षात वाकून बघत होते. एक रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, बसायचंय की इन्स्पेक्शन आहे?" मी त्याच्याकडे बघून हसलेसुद्धा, इतकी माझी अवस्था वाईट होती.

फोनवर ठिपका तसाच. बावन्न मिनिटांपूर्वी. मी त्याला मोठा करून बघितलं, लहान करून बघितलं. रस्त्याच्या फोटोत जाऊन तो दुसरा मानपाडा चालून आले, जणू एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसलेली माया त्यात दिसणार होती. फोटो दोन वर्षांपूर्वीचे. त्यात एक अनोळखी बाई छत्री घेऊन चाललेली, तोंड धूसर केलेलं. आणि तिथं, भर नाक्यावर, मला इतकी साधी गोष्ट कळली की लाज वाटली. मी सकाळपासून ज्याला माया समजत होते, तो आईंचा फोन होता. माया नकाशावर कधी नव्हतीच. माया आईंच्या हाताला होती.

हवेचा रंग नारिंगी झालेला. पंप निळ्या कप्प्यात, निळ्या कप्प्यात, मी म्हणत राहिले.

फोन चार टक्क्यांवर आला तेव्हा मला घरी जावंच लागलं, चार्जर आणायला. सव्वादोन वाजत आले होते. लिफ्ट खाली येईना म्हणून चार मजले जिने चढले. किल्ली काढली आणि हात तसाच राहिला.

आमच्या दारावर, कडीच्या वर, पांढऱ्या खडूनं फुली काढलेली. शेजारी बाण. बाण समोरच्या दाराकडे.

मी ते वाचलं. कुणी समजावायची गरजच पडली नाही.

समोर नंदाताई राहतात, एवढं मला पाटीवरून माहीत होतं. सहा महिन्यांत मी ते दार कधी वाजवलं नव्हतं. वाजवायच्या आधीच ते उघडलं.

"या," नंदाताई म्हणाल्या. "नेहमी दाराच्या भोकातून बघता, आज समोरून बघा."

आत सोफ्यावर माया पाय पसरून झोपलेली. तोंडाला वरणभाताचं शीत. मी तिच्या छातीला कान लावला. शिट्टी नव्हती. नुसता श्वास, वर खाली, वर खाली. मी तशीच खाली बसले, सोफ्याला टेकून, आणि रडले. नंदाताई शहाण्या. पाणी ठेवलं आणि आत गेल्या.

आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या. दुसऱ्याच्या घरात, अर्ध्या तासाच्या ओळखीवर, स्वतः केलेला चहा.

"फोन आत्ताच ओट्यावर चार्जिंगला लावलाय, चार्जर सापडेना यांचा," त्या म्हणाल्या. "उघडला की तुलाच लावणार होते. तुझा नंबर पाठ नाही गं मला. आणि यांच्याकडं पण नाही म्हणतात. समोरासमोर दारं आणि नंबर नाही?"

"नकाशा चुकला नाही, आई," मी म्हणाले. "मी चुकले. मीच चुकीचा मानपाडा लावला."

"ते मला माजिवड्यालाच कळलं."

मी वर बघितलं. "मग बोलला का नाहीत?"

आई चहा बशीत ओतत होत्या. "तू लावलेलं ना. म्हटलं, हिच्या हातून चूक नाही व्हायची, नवीन रस्ता असेल एखादा. आणि बोलले असते, वळवली असती रिक्षा, तर तू म्हणाली असतीस, आईंनी ऐकलं नाही." त्यांनी बशी माझ्यापुढं सरकवली. "परीक्षा होती ना माझी."

मी बशी तोंडाला लावली. चहा खूप गोड होता.

"मग तिथं पोचलो," आईंचा आवाज एकदम खुलला, "तर बाई म्हणते, आपण पोचलात. मी खाली उतरून बघितलं. म्हटलं बाई, तू पोचलीस, आम्ही कुठं पोचलोय? बोलून बोलून तिनंच बॅटरी खाल्ली, अर्धी मायाच्या कार्टूननं. रिक्षावाला दगडू, आपल्या स्टँडवरचाच. तो म्हणतो, मावशी, मला मघाशीच वाटलं होतं, पण तुमच्या सुनेनं लावून दिलंय म्हणून गप्प बसलो. म्हटलं, आता फोन खिशात घाल आणि माझ्या तोंडाकडं बघ. डोंबिवलीचा मानपाडा."

"मी नाक्यावर होते. मला कशा दिसला नाहीत?"

"मागून आलो, कारखान्यांच्या आतल्या रस्त्यानं. नाक तोंड बांधलं होतं मायाचं, काळजी नको. आलो तर दाराला कुलूप."

"म्हणून फुली."

"मग काय."

"पण आई, माया तर तुमच्याजवळ होती. फुली कुणाची?"

आईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या मायाकडे बघतात, चप्पल उलटी घातली की.

"घरातलं एक पोर राहिलेलं ना," त्या म्हणाल्या. "ते कुठं गेलं कळेना. तेवढा घास नाही उतरला मला. विचार यांना."

"नाही जेवल्या," आतून नंदाताई म्हणाल्या. "मी दोनदा वाढलं."

*

माया उठल्यावर आम्ही तिघी आमच्या दारापुढं उभ्या राहिलो. आईंनी पर्समधून खडू काढला. मला वाटलं त्याच लिहितील. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

मी ओढणीच्या टोकानं फुली पुसली आणि पी काढला. शाळेत काढतात तसा, सरळ उभी दांडी, नीट पोट. माया म्हणाली, "शेपटी नाही."

"बरोबर आहे," आई म्हणाल्या. "तिला कुठं जायचंय अजून?"

घरात आल्यावर आधी मी फोन चार्जिंगला लावला, प्रेमला कळवलं आणि यादीतलं घर काढून टाकलं. मग नकाशावरच्या त्या मोकळ्या जमिनीवर बोट ठेवून आमची बिल्डिंग घातली. नाव, गेट, लिफ्ट कुठल्या बाजूला. गेटचा फोटो मागतात, तो खाली जाऊन काढला. तपासून मग दाखवतील, असा निरोप आला. आई शेजारी बसून बघत होत्या.

"त्या जागेला चिठ्ठी लावता येते?"

"येते. काय लिहू?"

"लिही, समोर नंदाताई. आणि तिचा नंबर."

मी लिहिलं. मग त्यांनी त्यांचा फोन माझ्यापुढं धरला.

"आता तुझा ठिपका घाल ह्यात."

"माझा? कशाला?"

"कशाला म्हणजे? तू सोमवारी जाणार. इथं मी आणि ही दिवसभर. आई कुठं पोचली, असं हिनं विचारलं तर मी काय सांगू?" मग फोन माझ्या हातात देत, "जाणार आहेस ना?"

इतका वेळ तो प्रश्न आमच्यात पडून होता, माझा म्हणून. विचारला त्यांनी.

"साडेआठला निघेन," मी म्हणाले. "तुमचे कपडे उद्या प्रेमबरोबर आणूया. दादांचा फोटोही."

आई मायाला जवळ ओढून तिचे केस विंचरायला लागल्या, जरा जोरातच. माया ओरडली.

सोमवारी हवेचा रंग पिवळा होता. मी खिडकीचं सांगायला तोंड उघडलं, तर आई म्हणाल्या, "बघितला रंग. बंद ठेवते. जा." माया त्यांच्या कडेवरून हात हलवत होती, रडत नव्हती. मला वाटलं होतं ती रडेल. बाहेर लिफ्ट येऊन थांबलेली. नंदाताई दार धरून उभ्या. "चला मॅडम, मी पण खाली चाललेय."

दार लावता लावता खडू दिसला, कडीच्या वर चौकटीत ठेवलेला. मी तो घेतला, पीच्या दांडीला टेकवला आणि लिफ्टकडे वळले. हात मागे राहिला होता आणि पाय पुढे. रेघ आपोआप ओढली गेली, उजवीकडे, लांब.